शेजारचं लेकरू दुर्लक्षित वाटतं तेव्हा काय करायचं: नागपूरकरांसाठी सविस्तर माहिती

मे महिना, दुपारचे दोन. पारा पंचेचाळिशीच्या घरात. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप, आत दोन वर्षांचं लेकरू आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. आई हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर, बाप दोन वर्षांपासून बेपत्ता. ही आई मुलांकडे दुर्लक्ष करते का? वस्तीत विचारलं तर एक बाई म्हणेल, "अशी कशी माय हाये!" दुसरी म्हणेल, "कामावर नाही गेली तं रात्री चूल कशी पेटन?"

दोघींचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच असं काही दिसलं की आपण गडबडतो. फोन करावा तर एका गरीब बाईच्या मागे पोलीस लागतील ही भीती. न करावा तर लेकराचं काही बरंवाईट होईल ही धास्ती. यावर उपाय म्हणजे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला, आत्ता या मुलाला धोका किती? दुसरा, हे घर याहून वेगळं काही करू शकत होतं का? पहिल्याच्या उत्तरावर आपण किती घाई करायची ते ठरतं, दुसऱ्याच्या उत्तरावर कोणाचं दार ठोठवायचं ते. वरच्या उदाहरणात धोका मोठा आहे, त्यामुळे कुलूप आजच्या आज उघडायला हवं. पण आईला गरज पाळणाघराची, अंगणवाडीची आणि महिन्याच्या चार पैशांची आहे. गुन्हा दाखल करून त्यातलं काहीच तिला मिळणार नाही.

कायदा काय म्हणतो

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. ज्याला घरच नाही, ज्याचे पालक त्याला सांभाळायला असमर्थ आहेत, ज्याच्याकडे दुर्लक्ष किंवा ज्याचा छळ होतो, जे आजारी किंवा अपंग असून ज्याच्याकडे बघणारं कोणी नाही, जे भीक मागतं किंवा कामाला जुंपलेलं आहे, ते "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" ठरतं. इथे कायदा पालक वाईट आहेत का हे विचारत नाही, मुलाला गरज आहे का एवढंच बघतो. असमर्थ पालक आणि निर्दय पालक, दोघांचीही मुलं यात येतात.

शिक्षेचा भाग वेगळा. त्याच कायद्याचं कलम 75 जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षासाठी आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मात्र जन्मदात्यांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडून द्यावं लागलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं धरलं जात नाही. गरीब आईबापांवर अन्याय होईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मूल घरी एकटं ठेवायला अमुक वय हवं, असा आकडा आपल्याकडच्या कायद्यात नाही. तिथे डोकं वापरावं लागतं. बारा वर्षांची पोरगी शाळेतून आल्यावर दोन तास एकटी राहते, हे ठीक असू शकतं. तीच पोरगी दोन भावंडांना सांभाळते, चूल पेटवते आणि त्यासाठी तिची शाळा सुटते, हे ठीक नाही.

कशाकडे बघायचं

मारलेलं दिसतं, वळ उठतात. न दिलेलं दिसत नाही. जेवण न देणं, आजारपणात दवाखान्यात न नेणं, शाळेत न पाठवणं, लक्ष न ठेवणं, आणि मुलाशी माणसासारखं न बोलणं हे सगळं दुर्लक्षच, पण एकेक प्रसंग सुटा घेतला तर क्षुल्लक वाटतो. म्हणून प्रसंगापेक्षा सातत्य बघायचं. एक दिवस मळका गणवेश म्हणजे काही नाही. महिनाभर तोच गणवेश, डोक्यात उवा, खरजेने खरडलेली बोटं आणि वर्गात झोप, हे सगळं एकत्र आलं की सावध व्हा.

शिक्षकांना काही खुणा लवकर कळतात. सोमवारी शाळेच्या खिचडीवर तुटून पडणारं मूल. रविवारी घरी काय शिजलं असेल, याचं उत्तर तिथेच मिळतं. डब्यातलं अर्धं खिशात लपवणारं मूल. सुटी झाली तरी घरी जायला न निघणारं मूल. कोणीही हात धरला की त्याच्या मागे निघणारं अगदी लहान मूलही. याला लोक "किती मिलनसार हाये पोट्टं" म्हणतात. खरं तर तीन-चार वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाला थोडं बिचकायलाच हवं.

अंगणवाडी ताईकडे याहून पक्की मोजमापं असतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. कुपोषण म्हणजे दुर्लक्षच असं नाही, पण वजन सलग घटतंय, ताई तीनदा घरी जाऊन आली, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा म्हणाली आणि घरचे दारही उघडत नाहीत, तर मामला वेगळा आहे.

विदर्भात आणखी एका गोष्टीकडे बघावं लागतं, ती म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. हा आजार असलेल्या मुलाला नियमित औषध, भरपूर पाणी आणि वेळोवेळी तपासणी लागते. ताप आला किंवा हातपाय असह्य दुखू लागले तर थांबता येत नाही. सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तरीही मूल महिनोन्‌महिने औषधाविना असेल तर आधी कारण विचारा. मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जायचं तर बापाचा दिवस बुडतो, रोजी बुडते, हे कारण असेल तर आशाताईंना गाठून जवळच्या आरोग्य केंद्रातून औषध मिळण्याची सोय बघता येते. "पोरगीच तं आहे" हे कारण असेल, तर ते दुर्लक्ष आहे, त्याला दुसरं नाव नाही.

आणि हे फक्त झोपडपट्टीत घडतं असं समजू नका. धरमपेठेतल्या किंवा बेसा रोडवरच्या फ्लॅटमध्येही मूल दुर्लक्षित असू शकतं. फ्रिज भरलेला, मोबाइल नवा, कोचिंगची फी भरलेली. पण आईबापांचं भांडण कोर्टात, मूल चार-चार दिवस एकटं, आणि त्याने हाताला ब्लेड लावलं हे घरात कोणाला माहीत नाही. अशा घरांबद्दल फोन जवळजवळ कोणीच करत नाही. माझ्या मते हा आपला दुटप्पीपणा आहे: गरिबाच्या घरात डोकावायला आपण कचरत नाही, साहेबांच्या दाराची बेल वाजवायला कचरतो.

लिहून ठेवा

शंका आली की एक वही करा. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोणी सांगितलं, बस. "आई बेजबाबदार आहे" असं लिहू नका. "12 तारखेला रात्री साडेदहाला मूल पायरीवर बसलेलं, दाराला कुलूप, विचारल्यावर सकाळपासून बिस्किटं खाल्ली म्हणालं" असं लिहा. तुमचं मत पुढे कोणी ग्राह्य धरणार नाही, तुम्ही पाहिलेलं धरतील. मूल स्वतः बोललं तर त्याचेच शब्द जसेच्या तसे टिपा, वऱ्हाडीत बोललं तर वऱ्हाडीत.

फोटो-व्हिडिओ काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं मात्र कटाक्षाने टाळा. अशा मुलाची ओळख उघड करायला कलम 74 नुसार मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय उद्या तेच मूल त्याच गल्लीतून शाळेत जाणार आहे.

लिहीत बसायची वेळ नाही अशाही परिस्थिती असतात. तान्हं बाळ एकटं, बेशुद्ध किंवा जखमी मूल, उन्हात बंद गाडीत किंवा खोलीत अडकलेलं मूल, नशेत तर्र पालकाच्या ताब्यातलं लहान मूल. अशा वेळी आधी 112, जखम किंवा आजार असेल तर 108, मग बाकीचं.

मुलाशी आणि घरच्यांशी बोलणं

मुलाशी बोलताना चौकशी अधिकारी होऊ नका. "तुझी आई तुला जेवायला देत नाही ना?" असं विचारलं की मूल आईची बाजू घेतं, आणि का नाही घेणार? "आज काय खाल्लं?", "रात्री घरी कोण असतं?", "बरं नसलं की कोणाला सांगतो?" एवढं पुरे. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागू शकतं. त्याऐवजी म्हणा, "तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन."

लैंगिक अत्याचाराचा इशारा मिळाला तर आणखी प्रश्न विचारू नका. पॉक्सो कायदा, 2012 नुसार अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. तिथे थांबून बघण्याला जागा नाही.

घरच्यांशी बोलायचं की नाही, हे धोक्यावर ठरवा. घर थकलेलं आहे, हिंसक नाही, असं वाटत असेल तर बोला. सुरुवात मदतीने करा: "ताई, दुपारी पोराले आमच्याकडे ठेवत जा, पाळणाघराचं आपण विचारू." बऱ्याच घरांना आजवर कोणी असं विचारलेलंच नसतं. घरात मारहाण आहे, दारू आहे, किंवा तुम्ही बोललात म्हणून मुलावर राग निघेल असं वाटतं, तर परस्पर बोलू नका, सरळ फोन करा. आणि मूल स्वतःहून उचलून आपल्या घरी नेऊन ठेवू नका. हेतू चांगला असला तरी प्रकरण तुमच्यावर उलटू शकतं.

फोन: 1098

चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मुलालाही फिरवता येतो. ही सेवा 1996 साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. 2023 पासून ती सरकारच्या महिला व बाल विकास यंत्रणेमार्फत चालते आणि 112 शी जोडलेली आहे.

फोनवर काय सांगायचं ते आधी कागदावर लिहून घ्या: मुलाचं अंदाजे वय, ठिकाण, नेमकं काय आणि केव्हापासून पाहिलं, आत्ता मूल कुठे आहे, घरात आणखी कोण मुलं आहेत. पत्ता देताना नागपुरी पद्धतीने खुणेसकट द्या. "वाठोडा, नाल्याकडची गल्ली, किराणा दुकानामागे निळं दार" हे घर क्रमांकापेक्षा लवकर सापडतं. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा, तो नसेल तर पुढे विचारपूस करणं कठीण जातं.

फोनखेरीज दुसरे मार्गही आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. ठाण्यात गेलात तर त्यालाच भेटायचं आहे असं सांगा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाच्या अंतर्गत जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे लेखी अर्ज देता येतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काटोल, रामटेक, उमरेडकडच्या गावांत ग्राम बाल संरक्षण समितीला सांगता येतं, पण गावात आरोपीचा भाऊच समितीवर असू शकतो, तेव्हा सरळ 1098 बरा. नागपूर स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाकडे जा. चारी दिशांच्या गाड्या जिथे थांबतात अशा जंक्शनवर घरातून निघालेली मुलं सापडणं नवं नाही.

पालकांपासून दुरावलेलं, हरवलेलं किंवा टाकून दिलेलं मूल सापडलं तर 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं कलम 33 आणि 34 नुसार गुन्हा ठरतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड. "अनाथालयात नेऊन देऊ" किंवा "आमच्या नात्यात मूल नाही, त्यांना देऊ" हे दोन्ही मार्ग बंद आहेत. परस्पर मूल देणं-घेणं हाही गुन्हाच.

पुढे काय होतं

फोननंतर कार्यकर्ते घरी जाऊन परिस्थिती बघतात. मुलाला ताब्यात घ्यावं लागलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एकट्या सदस्यापुढेही मूल नेता येतं. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, तो 15 दिवसांत यायला हवा, आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. प्रत्यक्षात कागद कधी रेंगाळतात, म्हणून तो क्रमांक आणि ती पोच जपा.

लोकांना वाटतं समिती म्हणजे मूल हिसकावून बालगृहात टाकणार. कायद्याचा क्रम उलटा आहे: आधी कुटुंब, शेवटी संस्था. समिती मूल पालकांकडेच परत देऊ शकते, देखरेखीच्या अटीवर. आजी-मामांसारख्या नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे मूल तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी, ठेवू शकते. घराला आर्थिक मदत लावून देऊ शकते. यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा बालगृह.

काहीच हाललं नाही तर? समितीच्या कामाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, सोबत वहीतल्या नोंदींची प्रत जोडा. त्यावर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत सल्ला मिळतो, क्रमांक 15100.

घराला आधार मिळाला तर

एक पालक नसलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या घरांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मुलामागे महिना 2,250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत महिना 4,000 रुपये आहे, त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. दोन्हींची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची. आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, आणि पालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला ही कागदं जमवून ठेवा. नेमकी यादी कक्षात विचारून घ्या म्हणजे खेटे वाचतात. शेजारी म्हणून एखादा दिवस काढून त्या बाईसोबत तहसीलच्या रांगेत उभं राहणं हे सगळ्यात उपयोगी काम. तिचा अर्ज बहुतेक वेळा पात्रतेवाचून अडत नाही, दाखल्यावाचून अडतो.

हे घर तुमचंच असेल तर

बाळंतपणानंतर मन इतकं खचतं की बाळाकडे बघावंसं वाटत नाही. दारू सुटत नाही. नवऱ्याच्या मारामुळे स्वतःचंच भान राहत नाही, मुलाचं कुठून राहणार? असं होत असेल तर मदत मागितल्याने तुम्ही वाईट आईबाप ठरत नाही. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, 14416, मराठीतही बोलता येतं. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मेडिकलचा मानसोपचार विभाग आहे. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181. आज मूल सांभाळणं झेपतच नाही असं वाटलं तर ते आजीकडे, मावशीकडे, विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवून मग फोन लावा. आणि कायमचंच शक्य नाही अशी वेळ आली, तर मूल कुठे टाकू नका, बाल कल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं. समिती आधी समुपदेशन करते, आणि सोपवल्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात.

हे वाचणारा तूच चौदा-पंधरा वर्षांचा असशील आणि ही गोष्ट तुझ्याच घरची असेल, तर 1098 तू स्वतः लावू शकतोस, कोणाची परवानगी लागत नाही. फोन नसेल तर वर्गशिक्षिका, शाळेतल्या खिचडीच्या मावशी, अंगणवाडी ताई, ज्यांच्याशी बोलायला जमतं त्यांना सांग. पहिल्या माणसाने "होते असं घरोघरी" म्हणून वाटेला लावलं तर दुसऱ्याला सांग, मग तिसऱ्याला. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हण: "घरी मला बघायला कोणी नाही, मला मदत पाहिजे." पुढचे प्रश्न समोरचा माणूस विचारेल.